जुन्या डेस्कटॉपसाठी रॅम निवडताना: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

जुना डेस्कटॉप हळू चालायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो रॅम वाढवण्याचा. सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो. अडचण पुढे येते. कुठली रॅम घ्यायची, हे विचारलं की 'चार जीबीची घ्या' किंवा 'डीडीआर३ घ्या' एवढंच उत्तर मिळतं आणि तेवढ्यावर माणूस स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, घेऊन येतो. मीही तशीच आणली होती. पिढी बरोबर, खाच बरोबर, स्टिक स्लॉटमध्ये नीट बसली, पण स्क्रीन काळाच राहिला. स्टिक खराब समजून बदलून आणली, दुसरीचंही तेच झालं. दोन्ही स्टिक चांगल्या होत्या, फक्त माझ्या मदरबोर्डला (सगळे भाग जिच्यावर जोडतात त्या मुख्य पाटीला) त्यांच्यावरच्या चिप चालत नव्हत्या. ही गोष्ट स्टिकच्या लेबलवर छापलेली होती, पण ते लेबल कसं वाचायचं हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर घरच्यांच्या आणि मित्रांच्या बऱ्याच जुन्या मशीनमध्ये रॅम टाकली. त्यातून जो क्रम पक्का झाला तो इथे देतो. पैसे देण्याआधीच्या पायऱ्या जास्त आहेत, कारण चुका तिथेच होतात. बसवण्याचं काम दहा मिनिटांचं आहे.

हाताशी काय लागेल

- चांदणीच्या टोकाचा, म्हणजे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर
- टॉर्च किंवा मोबाइलचा उजेड
- स्लॉट आणि लेबलचे फोटो काढायला मोबाइल
- मदरबोर्डचं किंवा ब्रँडेड मशीनचं मॅन्युअल (निर्मात्याच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळतं)
- सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम
- चाचणीसाठी एक रिकामा पेनड्राइव्ह
- धूळ झाडायला मऊ कोरडा ब्रश

१. रॅमच कमी पडते आहे ना, ते आधी बघा

ही पायरी गाळू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्स या टॅबमध्ये मेमरी निवडा. आता रोज जे काम करता ते सगळं उघडा: ब्राउझरचे नेहमीचे टॅब, हिशेबाची फाइल, एखादा व्हिडिओ. मशीन अडखळायला लागलं की दोन आकडे लिहून घ्या. 'इन यूज' म्हणजे आत्ता वापरात असलेली मेमरी. 'कमिटेड' म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून कबूल केलेली मेमरी. कमिटेडचा आकडा बसवलेल्या रॅमच्या वर गेला असेल आणि त्याच वेळी डिस्क सतत धडपडत असेल, तर विंडोज रॅममध्ये न मावणारा भाग डिस्कवर टाकत आणि परत आणत आहे. अशा मशीनला रॅम वाढवल्याचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

उलट, रॅम निम्मी मोकळी आहे आणि डिस्कचा वापर मात्र शंभर टक्क्यांवर चिकटलेला आहे, असं दिसलं तर दुखणं फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. तिथे आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घाला. अशा मशीनमध्ये आठ जीबीची सोळा केली तरी विंडोज सुरू व्हायला तेवढाच वेळ लागेल. पुष्कळ लोक इथेच चुकीच्या वस्तूवर खर्च करतात, म्हणून जोर देऊन सांगतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. रॅम वाढवली की जुन्या मशीनवर विंडोज ११ चालेल असं अनेकांना वाटतं. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते हे खरं, पण अडतं ते टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीवर. इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. म्हणजे जुनं मशीन पुढे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचं की नाही, हा विचार रॅमबरोबरच करून ठेवा. लिनक्सलाही वाढीव रॅमचा तितकाच उपयोग आहे, त्यामुळे खर्च वाया जात नाही.

२. विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडा, 'सिस्टिम टाइप' समोर लिहिलेलं असतं. घरगुती ३२-बिट विंडोजला एकूण ४ जीबीच्या पलीकडचं दिसत नाही आणि त्यातलाही काही पत्ता ग्राफिक्स आणि इतर हार्डवेअरसाठी राखून ठेवलेला असतो. प्रत्यक्षात साधारण ३ ते साडेतीन जीबीच वापरता येते. अशा मशीनमध्ये ८ जीबी टाकली तर निम्म्याहून जास्त रॅम नुसती बसून राहील. प्रोसेसर ६४-बिट असेल, आणि कोअर २ ड्युओपासून पुढचे असतातच, तर ६४-बिट विंडोज नव्याने टाकावं लागेल. ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, डिस्क पुसून नवीन इन्स्टॉलेशन करावं लागतं. म्हणून फाइलींचा बॅकअप आधी.

अजून विंडोज ७ वापरत असाल तर आवृत्तीही बघा. ६४-बिट होम बेसिकची मर्यादा ८ जीबी, होम प्रीमियमची १६ जीबी आहे.

३. मदरबोर्डचं नाव मिळवा

रॅम कुठली चालेल हे मदरबोर्ड आणि प्रोसेसर मिळून ठरवतात. मशीन किती वर्षांचं आहे यावरून अंदाज बांधू नका. एकाच वर्षी घेतलेल्या दोन मशीनमध्ये वेगवेगळ्या पिढीची रॅम असू शकते.

विंडोजच्या शोधचौकटीत 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा. उघडलेल्या यादीत 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' या ओळीत बोर्डचं मॉडेल असतं. सीपीयू-झेडच्या मेनबोर्ड टॅबमध्ये तेच नाव चिपसेटसकट (बोर्डवरच्या मुख्य चिपसंचाच्या नावासकट) दिसतं. मशीन सुरूच होत नसेल तर कॅबिनेटची बाजू उघडा. बोर्डवर नाव छापलेलं असतं, बहुतेक वेळा स्लॉटच्या मधल्या मोकळ्या जागेत. ब्रँडेड मशीन असेल तर बोर्डऐवजी मागच्या स्टिकरवरचं मॉडेल किंवा सर्व्हिस क्रमांक घ्या. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या संकेतस्थळांवर त्यावरून नेमकं मॅन्युअल सापडतं.

मॅन्युअलमधल्या चार गोष्टी कागदावर उतरवा: रॅमची पिढी, एकूण कमाल क्षमता, प्रत्येक स्लॉटची कमाल क्षमता आणि स्लॉट भरण्याचा क्रम. त्याखाली सध्याची स्थिती लिहा. किती स्लॉट, त्यांतले किती भरलेले, प्रत्येकात किती जीबी. सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबमध्ये एकेका स्लॉटची माहिती येते. लिनक्सवर हीच माहिती डीएमआयडीकोड या आज्ञेने मिळते. हे प्रोग्रॅम कधीकधी कमाल क्षमतेचाही आकडा दाखवतात. त्यावर विसंबू नका, तो बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्याच प्रोग्रॅममध्ये) कुणीतरी भरून ठेवलेला असतो आणि सर्रास चुकतो. मॅन्युअलचाच आकडा धरा.

४. पिढी ओळखा

डीडीआरच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. प्रत्येकीची खाच वेगळ्या ठिकाणी असते, व्होल्टेज वेगळं असतं.

- डीडीआर: १८४ पिना, २.५ व्होल्ट
- डीडीआर२: २४० पिना, १.८ व्होल्ट
- डीडीआर३: २४० पिना, १.५ व्होल्ट, आणि कमी व्होल्टेजची डीडीआर३एल १.३५ व्होल्टची
- डीडीआर४: २८८ पिना, १.२ व्होल्ट
- डीडीआर५: २८८ पिना, १.१ व्होल्ट

डीडीआर२ आणि डीडीआर३ च्या पिना सारख्याच असल्यामुळे लांबून दोन्ही एकच वाटतात. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. जोर लावून स्लॉट फुटलेले बोर्ड मी पाहिले आहेत आणि ते दुरुस्त करणं परवडत नाही.

डीडीआर३एल बद्दल बरेच जण विचारतात. ती स्टिक १.३५ आणि १.५ या दोन्ही व्होल्टेजवर चालते, त्यामुळे साध्या डीडीआर३ बोर्डवर सहसा चालून जाते. उलट मात्र गृहीत धरू नका. मॅन्युअलमध्ये फक्त डीडीआर३एल लिहिलं असेल तर तीच घ्या. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर४, तर काहींवर डीडीआर३एल असते. प्रोसेसरचं नाव सारखं म्हणून रॅम सारखी असेल असं समजू नका.

आकारही बघा. टेबलावर आडवी ठेवायची किंवा मॉनिटरच्या मागे अडकवायची छोटी डेस्कटॉप मशीन बऱ्याचदा लॅपटॉपची आखूड स्टिक, म्हणजे एसओडिम वापरतात. टास्क मॅनेजरमध्ये 'फॉर्म फॅक्टर' या ओळीत डिम (डेस्कटॉपची लांब स्टिक) की एसओडिम ते कळतं.

५. कमाल मर्यादा आणि चिपचा हिशेब

माझ्या दोन स्टिक इथे अडल्या होत्या. हा भाग जरा सावकाश वाचा.

स्टिकवरची प्रत्येक काळी चिप ठरावीक मेमरी धरते. दोन गिगाबिटची चिप म्हणजे २५६ एमबी, चार गिगाबिटची म्हणजे ५१२ एमबी. आता ४ जीबीची स्टिक दोन प्रकारे बनू शकते: दोन गिगाबिटच्या सोळा चिप लावून किंवा चार गिगाबिटच्या आठ चिप लावून. वापरणाऱ्याला दोन्ही सारख्याच. पण मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, जुना असेल तर त्याला चार गिगाबिटच्या चिपचे पत्तेच काढता येत नाहीत. मग मशीन सुरूच होत नाही किंवा स्टिक निम्मीच दिसते.

इंटेलच्या जी४१ चिपसेटचे बोर्ड, म्हणजे कोअर २ ड्युओ आणि त्या काळातले पेंटियम ड्युअल कोअर, आणि पहिल्या पिढीचे कोअर आय३, आय५ या सगळ्यांना हे लागू आहे. जी४१ वर एकूण ८ जीबी चालते, प्रत्येक स्लॉटमध्ये ४ जीबी. मात्र ती ४ जीबीची डीडीआर३ स्टिक सोळा चिपची, दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप असलेली हवी. आठ चिपवाली आणलीत तर माझ्यासारखाच काळा स्क्रीन दिसेल. नंतरच्या काळात बनलेल्या ४ जीबीच्या स्टिक बहुधा आठ चिपच्याच असतात, त्यामुळे नवी कोरी, चकचकीत स्टिकच जुन्या बोर्डवर अडते.

दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना चार गिगाबिटच्या चिप चालतात, म्हणून सोळा चिपची ८ जीबी स्टिक त्यांच्यावर चालते. १६ जीबीची एकच डीडीआर३ स्टिक मात्र त्यांना चालत नाही. एच६१ चिपसेटच्या दोन स्लॉटच्या बोर्डवर ८ आणि ८ मिळून १६ जीबी ही वरची हद्द. चार स्लॉटच्या बोर्डांवर ३२ पर्यंत जाता येतं.

आता दुसरा सापळा, जो चिप मोजूनही कळत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३ च्या काही स्वस्त स्टिक 'फक्त एएमडीसाठी' (एएमडी ही इंटेलची प्रतिस्पर्धी प्रोसेसर कंपनी) अशा विकल्या जातात. त्यांवर चार बिट रुंदीच्या चिप असतात आणि त्याही सोळाच असतात. त्या एएमडीच्या एएम२, एएम३ सॉकेटच्या बोर्डांवर चालतात, इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांवर चालत नाहीत. जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरात किंवा अगदी शेवटी असते. डीडीआर२ ची ४ जीबी स्टिक आश्चर्य वाटावं इतकी स्वस्त दिसली की हीच शंका आधी घ्या.

तिसरा सापळा सर्व्हरच्या रॅमचा. मोठ्या कंपन्यांनी बदललेल्या सर्व्हरमधून निघालेल्या स्टिक भरपूर आणि स्वस्त मिळतात. त्या बहुधा रजिस्टर्ड प्रकारच्या असतात, म्हणजे कंट्रोलर आणि मेमरी चिप यांच्या मधे आणखी एक चिप असते. साध्या डेस्कटॉपमध्ये त्या बसतात, पण चालत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: एका बाजूला आठाऐवजी नऊ चिप दिसल्या तर ती ईसीसी, म्हणजे मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी स्टिक. मध्यभागी आणखी एक वेगळ्या आकाराची चिप दिसली तर ती रजिस्टर्ड. रजिस्टर्ड परत ठेवा. साधी ईसीसी काही बोर्डांवर चालते, पण मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तिच्याही वाटेला जाऊ नका.

६. लेबल वाचायला शिका

चिपचा हिशेब कळला की लेबल आपोआप वाचता येतं. डीडीआर३ च्या स्टिकवर साधारण अशी ओळ असते: ४जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००यू. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत असते, पण तुकडे हेच.

'२आर' म्हणजे दोन रँक. रँक म्हणजे ६४ बिटांचा एक पूर्ण संच. 'एक्स८' म्हणजे प्रत्येक चिप आठ बिट रुंद. ६४ ला ८ ने भागलं की एका रँकमध्ये आठ चिप, दोन रँकच्या सोळा. म्हणजे ४ जीबीची २आरएक्स८ स्टिक सोळा चिपची, दोन गिगाबिटच्या चिपची, आणि तीच जी४१ ला हवी. ४ जीबी १आरएक्स८ म्हणजे आठ चिप, ती जी४१ साठी घेऊ नका. 'एक्स४' दिसलं तर ६४ भागिले ४, एका रँकमध्येच सोळा चिप. ही वर सांगितलेली एएमडीवाली किंवा सर्व्हरची स्टिक.

'पीसी३' म्हणजे डीडीआर३, 'पीसी३एल' म्हणजे कमी व्होल्टेजची, 'पीसी२' आणि 'पीसी४' त्याच रीतीने. १२८०० हा आकडा दर सेकंदाला किती मेगाबाइट जाऊ शकतात तो. त्याला ८ ने भागा, १६०० येतात, म्हणजे डीडीआर३-१६००. १०६०० म्हणजे १३३३, ८५०० म्हणजे १०६६. डीडीआर२ मध्ये ६४०० म्हणजे ८००.

आकड्याच्या शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. 'यू' म्हणजे अनबफर्ड, साध्या डेस्कटॉपची. 'एस' म्हणजे एसओडिम. 'ई' म्हणजे ईसीसी. 'आर' म्हणजे रजिस्टर्ड. इथे गोंधळ होतो तो '२आर' मधल्या आर मुळे. तो आर रँकचा, शेवटचा आर रजिस्टर्डचा.

सगळ्या कंपन्या ही ओळ छापत नाहीत. मग त्यांच्या भाग क्रमांकावरून शोधा. किंग्स्टनच्या केव्हीआर१६एन११/८ मध्ये १६ म्हणजे १६००, एन म्हणजे साधी नॉन-ईसीसी, ११ म्हणजे सीएल (माहिती मागितल्यापासून मिळेपर्यंतच्या विलंबाचा आकडा), ८ म्हणजे ८ जीबी. असा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की रँक आणि चिपची माहिती असलेलं पत्रक मिळतं.

७. वेग आणि सीएल

यावर फार डोकं खपवू नका. बोर्ड आणि प्रोसेसर जेवढा वेग देतात तेवढ्यावरच स्टिक चालते. दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरचा अधिकृत वेग १३३३, म्हणून १६०० ची स्टिक तिथे १३३३ वर चालेल. त्यात नुकसान काही नाही. दोन वेगळ्या वेगांच्या स्टिक लावल्या तर दोन्ही हळूच्या वेगाने चालतात. सीएलचा आकडा लहान म्हणजे चांगला हे खरं, पण १३३३ ला सीएल ९ आणि १६०० ला सीएल ११ यांचा प्रत्यक्ष विलंब जवळपास सारखाच येतो, साडेतेरा ते पावणेचौदा नॅनोसेकंद. जास्त वेगाच्या, रंगीत धातूचं कवच चढवलेल्या स्टिकवर जुन्या मशीनसाठी जादा पैसे घालू नका. ते उंच कवच कधीकधी प्रोसेसरच्या पंख्याला अडतंही.

८. जुनी स्टिक ठेवायची का

बहुतेक बोर्ड दोन चॅनेलचे असतात, म्हणजे रॅमकडे जायला दोन वाटा असतात. दोन्ही चॅनेलमध्ये सारख्या क्षमतेची स्टिक असली की मेमरीची रुंदी दुप्पट मिळते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला याचा फायदा जास्त, कारण अशा मशीनचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जुनी ४ जीबी चांगली चालते आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे, तर तशीच दुसरी ४ जीबी आणा. रँक तेच, व्होल्टेज तेच, वेग तोच किंवा थोडा जास्त. कंपनी वेगळी असली तरी बहुधा चालून जातं. ४ आणि २ असं विषम बसवलं तरी इंटेलचे बरेच बोर्ड दोन्हीकडची २-२ जीबी जोडीने चालवतात आणि उरलेली २ एकेरी. पण चारही स्लॉट वेगवेगळ्या काळात घेतलेल्या चार कंपन्यांच्या स्टिकनी भरणं मी टाळतो. अशी मशीन दिवसभर नीट चालतात आणि कधीतरी अचानक निळा स्क्रीन देतात, आणि दोष कुठल्या स्टिकचा हे शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. दोन्ही स्लॉट २-२ जीबीने भरलेले असतील तर दोन्ही काढा आणि ४-४ ची जोडी घ्या.

किती घ्यावी? ब्राउझर, पत्रं, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांसाठी ८ जीबी पुरते. फोटो संपादन, व्हर्च्युअल मशीन किंवा पंचवीस-तीस टॅबची सवय असेल आणि बोर्डला झेपत असेल तर १६. त्याहून जास्तीचा खर्च इतक्या जुन्या मशीनवर करू नका, तो पुढच्या मशीनसाठी ठेवा.

९. विकत घेताना

डीडीआर२ आणि डीडीआर३ बहुतेक वेळा वापरलेलीच मिळते. त्याला घाबरायचं कारण नाही, रॅममध्ये झिजणारा फिरता भाग नसतो. मात्र या गोष्टी सांभाळा:

- लेबलचा आणि दोन्ही बाजूंच्या चिपचा स्पष्ट फोटो मागा. नमुन्याचा फोटो चालणार नाही, तुम्हाला मिळणार असलेल्याच स्टिकचा हवा.
- बदलून किंवा परत देण्याची मुदत लेखी घ्या. निदान इतकी, की रात्रभराची चाचणी पूर्ण होईल.
- 'सगळ्या मशीनला चालते' या वाक्यावर जाऊ नका. तुमच्या बोर्डचं नाव सांगा आणि त्यावर चालेल का, हे विचारा.
- सोनेरी पिनांवर काळे डाग, खरवडल्याच्या खुणा किंवा चिपच्या कडेला टवका दिसला तर घेऊ नका.
- लेबल एका कंपनीचं आणि एकाच बाजूच्या चिपवर दोन वेगळ्या कंपन्यांची नावं, असं दिसलं तर ती स्टिक जोडजाड करून बनवलेली असण्याची शक्यता मोठी.

१०. बसवणं

आधी बॅकअप. मग विंडोज पूर्ण बंद करा: शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपमुळे साधं शटडाउन मेमरीतला काही भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि रॅम बदलल्यावर तो जुना भाग परत उघडताना गडबड होऊ शकते.

वायर प्लगमधून काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, आत साठलेली वीज निघून जाते. बोर्डवरचा छोटा दिवा विझला की नाही ते बघा. कॅबिनेट उघडल्यावर त्याच्या बिनरंगाच्या धातूला हात लावा आणि काम करताना मधूनमधून लावत राहा. अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवत नाही, चिपला मात्र पुरते. सतरंजीवर किंवा सिंथेटिक कपड्यावर बसून हे काम करू नका.

काही काढण्याआधी फोटो काढा. स्लॉटच्या टोकांचे खटके बाहेर दाबले की स्टिक वर येते. काही बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो, दुसऱ्या टोकाला ओढाताण करू नका. नवी स्टिक कडेने धरा, पिनांना बोट लावू नका. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ खाली दाबा, खटके आपोआप आत येऊन 'टक' असा आवाज होईपर्यंत. नवखे लोक इथे घाबरून कमी दाबतात आणि स्टिक अर्धवट राहते. जोर बराच लागतो, फक्त तो सरळ खाली असावा. बोर्ड वाकतोय असं वाटलं तर थांबून खाच पुन्हा बघा.

जोडीच्या दोन स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये, हे मॅन्युअलमध्ये बघा. बहुधा एकाच रंगाचे दोन स्लॉट, पण काही कंपन्यांचा रंगांचा अर्थ उलटा असतो.

११. डिस्प्ले आला नाही तर

पहिल्या वेळी मशीन एकदोनदा आपोआप बंद-चालू होऊ शकतं, मिनिटभर थांबा. तरीही काही नाही, किंवा बीप ऐकू येत असेल, तर हा क्रम:

१. वायर काढून स्टिक पुन्हा घट्ट बसवा. निम्म्याहून जास्त वेळा काम इथेच होतं.
२. फक्त जुनी स्टिक लावून सुरू करा. सुरू झालं तर बोर्ड ठीक आहे.
३. फक्त नवी स्टिक, आळीपाळीने प्रत्येक स्लॉटमध्ये.
४. पिना पुसायच्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं कापड. खोडरबराने घासायची पद्धत सर्रास आहे, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊन बसतो.
५. बोर्डवरचा गोल सेल पाच मिनिटं काढून सीमॉस (बायोसच्या सेटिंग्ज जिथे साठतात ती जागा) रिसेट करा. तारीख-वेळ पुन्हा लावावी लागेल.
६. जुन्या स्टिकवर मशीन चालू असताना निर्मात्याच्या संकेतस्थळावर बायोसची नवी आवृत्ती बघा. 'मेमरी कंपॅटिबिलिटी' सुधारल्याचा उल्लेख असेल तरच ती टाका, आणि ती टाकताना वीज जाणार नाही याची व्यवस्था करा.

एवढं करूनही नवी स्टिक एकटी चालत नसेल, तर पायरी ५ चा चिपचा हिशेब पुन्हा तपासा आणि मुदतीत परत द्या.

मशीन सुरू झालं पण रॅम कमी दिसते, असंही होतं. ६४-बिट विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' शेजारी मोठा आकडा असेल तर बायोसमध्ये 'मेमरी रिमॅप' नावाचा पर्याय चालू आहे का ते बघा. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये बूट टॅबच्या प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी' वर खूण असेल तर ती काढा. कुठल्यातरी वेग वाढवण्याच्या युक्तीत ती खूण करायला सांगितलेली असते आणि तिने रॅम वाढत नाही, उलट अडते. ग्राफिक्ससाठी राखलेली थोडी मेमरी मात्र कायमच वजा दिसेल, ते बरोबर आहे.

१२. रात्रभराची चाचणी

विंडोज सुरू झालं, आकडा बरोबर दिसला, म्हणजे काम झालं असं धरू नका. रॅममधली एखादी खराब जागा महिनाभर गप्प राहते आणि मग तिच्यातून जाणारी फाइल बिघडवून डिस्कवर लिहिते. त्यातलं काही आपल्याला कळतही नाही.

पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ टाका. शेवटी अधिकचं चिन्ह असलेलाच घ्या, तो मोफत आहे आणि जुन्या बायोसच्या मशीनवरही चालतो. नावाने जवळच्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्यांना यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेला नवा प्रकार, लागतं. मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि रात्रभर चालू द्या, निदान दोन पूर्ण फेऱ्या. पेनड्राइव्ह नसेल तर विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' वापरा, ते तितकं कसून तपासत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

एकही चूक दिसली तर ती सोडून देऊ नका. 'हजारो फेऱ्यांत एकच तर आहे' असं रॅमच्या बाबतीत चालत नाही. स्टिक एकेक करून तपासा, चुकणारी सापडली की लाल ओळींचा फोटो काढा आणि त्या फोटोसह ती परत द्या. चाचणी स्वच्छ गेली तर प्रत्येक स्टिकचा भाग क्रमांक आणि तिचा स्लॉट एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी ते मशीन तुम्ही उघडा किंवा दुसरं कुणी, लेबल वाचायला स्टिक उपसाव्या लागणार नाहीत.